बोबडे हात : बाळाला खुणा शिकवणाऱ्या एका वर्गाचा अनुभव

माझा मुलगा साडेसात महिन्यांचा होता तेव्हा मी हा वर्ग लावला. आता तो १९ महिन्यांचा आहे आणि तीसेक शब्द बोलतो. वर्ग संपल्या संपल्या लिहायला बसले असते तर रागाच्या भरात लिहिलं असतं, आणि त्यानंतर महिन्याभराने आनंदाच्या भरात. आता दोन्ही ओसरलंय. वर्गाचं नाव देत नाही. या धर्तीचे वर्ग बरेच आहेत, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच मिळतं, आणि मला जे सांगायचंय ते यातला कुठलाही वर्ग लावू पाहणाऱ्या आईबाबांसाठी आहे.

मिळतं ते असं : आठवड्यातून एकदा ४५ मिनिटांचा थेट व्हिडिओवरचा तास, असे आठ. मधल्या दिवसांसाठी रेकॉर्ड केलेले छोटे व्हिडिओ. ४० खुणांची कार्डं. आणि पालकांचा एक ग्रुप, ज्यात शिकवणाऱ्या बाई प्रश्नांना उत्तरं देतात.

मी हा वर्ग लावला त्याला कारण माझी मावशी. ती जन्मापासून बहिरी आहे. तिचं सगळं बोलणं हातांचं आणि चेहऱ्याचं, आणि लहानपणापासून तिच्या अवतीभवती असल्याने मलाही ते मोडकंतोडकं येतं. आपल्या मुलाला तिच्याशी पहिल्यापासून बोलता यावं, मला जशी धडपड करावी लागली तशी त्याला लागू नये, एवढंच डोक्यात होतं. जाहिरातीत लिहिलेलं 'हुशार बाळ' वगैरे मला नको होतं.

आधी जे खरोखर चांगलं मिळालं ते. पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं, "खूण करा, शब्द तोंडाने म्हणा, आणि मग मनात पाच आकडे मोजा. पाच होईपर्यंत काहीही करू नका." या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. बाळ दुधाच्या बाटलीकडे झेपावतंय, आपण मूठ उघडमीट करून 'दूध' म्हणतोय, आणि आता पाच मोजायचे. एक, दोन. तिसऱ्या आकड्यापर्यंत माझा हात बाटलीकडे गेलेला असायचा. आपण किती घाईत असतो हे मला तेव्हा कळलं. बाळाने मागण्याआधीच आपण देऊन टाकतो, मग मागायला जागाच उरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पुरते पाच मोजू शकले, आणि त्या पाच सेकंदांत त्याने काय केलं ते पाहिलं : बाटलीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग माझ्या तोंडाकडे, आणि पुन्हा बाटलीकडे. खूण केली नाही. पण हा सगळा फेरफटका तो आधीही करत असणार, आणि मी कधी थांबून बघितलाच नव्हता.

बाकीच्या सूचनाही पक्क्या होत्या. बाळाची नजर आपल्यावर असेल तेव्हाच खूण करायची. सुरुवातीला चार-पाचच खुणा घ्यायच्या, आणि त्याही त्याला हव्या असलेल्या गोष्टींच्या. 'डायपर' शिकवून उपयोग नाही, त्याला डायपरमध्ये रस नाही. 'दिवा', 'पंखा', 'मांजर' यात आहे. त्याचे हात धरून जबरदस्तीने खूण करवून घ्यायची नाही. खूण करताना शब्द मोठ्याने म्हणायचाच, गप्प राहायचं नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी एका गोष्टीसाठी एकच खूण वापरायची.

खुणा अमेरिकन साइन लँग्वेजमधल्या होत्या. 'आणखी' म्हणजे दोन्ही हातांची बोटं चोचीसारखी मिटवून टोकांना टोकं लावायची. 'संपलं' म्हणजे दोन्ही पंजे उघडे धरून मनगटातून बाहेर फिरवायचे. 'मदत' म्हणजे एका तळव्यावर दुसऱ्या हाताची मूठ ठेवून वर उचलायची. 'दुखतंय' म्हणजे दोन तर्जन्या एकमेकींकडे रोखायच्या, जिथे दुखतंय तिथे.

एक दिवस मी व्हिडिओ लावला होता आणि मावशी माझ्या मागे उभी राहून बघत होती. तिने माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि विचारलं, ही कोणाची भाषा? हा प्रश्न वर्गात एकदाही निघाला नव्हता. बाई सरळ 'साइन लँग्वेज' म्हणायच्या, जणू जगात एकच आहे. तसं अजिबात नाही. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे बोलायची भाषा इंग्रजी, पण तिथल्या बहिऱ्या लोकांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. अमेरिकेतली भाषा फ्रेंच खुणांच्या जवळची, कारण १८१७ साली तिथे बहिऱ्या मुलांची शाळा सुरू झाली ती लॉराँ क्लेर या फ्रान्सहून आलेल्या बहिऱ्या शिक्षकाच्या मदतीने. या भाषांना स्वतःचं व्याकरण आहे हे १९६० साली विल्यम स्टोको या अमेरिकन भाषाअभ्यासकाने मांडलं, तोवर शिकलेसवरलेले लोकही त्यांना हातवारेच समजत होते. हे सगळं पालकांना दहा मिनिटांत सांगता आलं असतं. आणि मुळात पहिल्या तासाला एवढं तरी विचारायला हवं होतं की तुमच्या घरात, नात्यात कोणी बहिरं आहे का? असेल तर त्यांच्याच खुणा घ्या. आम्ही तिसऱ्या आठवड्यात तसंच केलं. 'पाणी' आणि 'झोप' मावशीचे, बाकीचे वर्गातले.

वर्गाचा मोठा दोष मात्र व्हिडिओत होता. कॅमेरा छातीपासून हातांपर्यंत. चेहरा कापलेला. बहुधा लक्ष हातांवर राहावं म्हणून केलं असेल, पण खुणांची भाषा हातांत जेवढी असते तेवढीच चेहऱ्यात असते. अमेरिकन साइन लँग्वेजमध्ये हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात, आणि 'कुठे', 'काय', 'कोण' असा प्रश्न असेल तर भुवया आक्रसतात. भुवया काढून घेतल्या की प्रश्नाचं विधान होतं. आणि बाळं तर आधी चेहराच बघतात! माझा मुलगा ते व्हिडिओ बघून दोन सेकंदांत मान फिरवायचा. मावशी 'पाणी हवं?' असं विचारायला लागली की मात्र तोंड उघडं टाकून बघत राहायचा. तिचे डोळे मोठे होतात, भुवया वर जातात, खांदे पुढे येतात, सगळं शरीर विचारत असतं. तिचं बघून मीही तसं करायला लागले, तेव्हा कुठे तो माझ्याकडे बघायला लागला.

कार्डांबद्दल फार लिहीत नाही. चित्रं सुंदर, पण बाणांवरून हात आत जातोय की बाहेर ते कळत नाही. पुठ्ठा चघळला की पापुद्रे सुटतात. घेऊ नका, गरज नाही.

आता रागाची गोष्ट. वर्गाने सांगितलं होतं की तीन आठवड्यांत बाळ पहिली खूण करेल. माझ्या मुलाने तीन आठवड्यांत केली नाही, सहा आठवड्यांत केली नाही, वर्ग संपला तरी केली नाही. ग्रुपवर रोज कोणाचा तरी व्हिडिओ यायचा, 'आमच्या बाळाने आज आणखी केलं', आणि मी तो बघून फोन पालथा ठेवायचे. मी ग्रुपवर विचारलं तर उत्तर चार दिवसांनी आलं : सातत्य ठेवा. म्हणजे दोष माझा. खरं तर साडेसात महिन्यांचं बाळ खुणा समजू लागतं, पण स्वतः करायला बहुतेकांना आणखी काही महिने लागतात. बोट दाखवणं, टाटा करणं हे साधारण नवव्या महिन्यानंतर येतं, मग खूण त्याच्या आधी कुठून येणार? एखाद्या बाळाने लवकर केली तर छानच, पण तीन आठवड्यांची मुदत घालून देणं चुकीचं आहे. त्या मुदतीने मी दोन महिने मुलाच्या हातांकडे परीक्षकासारखी बघत होते.

आणि तसं बघत असल्यामुळेच मला दिसलं नाही.

तो सव्वादहा महिन्यांचा झाला होता. गेले काही दिवस त्याने एक नवीन चाळा धरला होता : डावा तळवा पसरायचा आणि त्यात उजव्या हाताची तर्जनी टोचायची. टक्, टक्, टक्. मला वाटलं बोट सापडलंय म्हणून खेळतोय. चार दिवस तो हे करत होता आणि मी हसून त्याच्या तळव्याचा मुका घेत होते. पाचव्या दिवशी मावशी आली. ती त्याला मांडीवर घेऊन गालांत हवा भरून फुर्र करत होती. तिने फुर्र केलं, तो खिदळला, ती थांबली. त्याने तळव्यात बोट टोचलं. तिने लगेच पुन्हा फुर्र केलं. थांबली. त्याने पुन्हा टोचलं. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि हातांनी सांगितलं, 'आणखी म्हणतोय. कधीपासून?'

मी म्हटलं, आणखी असं नसतं, आणखी म्हणजे दोन्ही चोची जुळवायच्या. मावशीने मान हलवली. मग आपल्या ओठांकडे बोट दाखवून बोबडं बोलणाऱ्या मुलासारखं तोंड वेडंवाकडं केलं, आणि तसंच बोटांकडे दाखवलं. हात बोबडे आहेत, एवढाच अर्थ.

मी त्याच्यासमोर चार दिवस होते, आणि तो मला चार दिवस आणखी, आणखी, आणखी म्हणत होता.

बाळ 'पाणी'ला 'पापा' म्हणतं तेव्हा आपण ते कार्डाशी ताडून बघत नाही. हातांचंही तसंच असतं. मोठे सांधे आधी ताब्यात येतात आणि बोटांची टोकं शेवटी, म्हणून मनगटाची खूण खांद्यातून होते आणि चोचीच्या जागी नुसतं बोट किंवा टाळी येते. बहिऱ्या आईवडिलांच्या घरातली बहिरी बाळं तर खऱ्या खुणांच्या आधी हातांनीच 'बाबाबा'सारखं बडबडतात, हे लॉरा अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट या संशोधकांनी १९९१ साली दाखवून दिलं. वर्गात या बोबडेपणावर एक अवाक्षर नव्हतं. पहिल्या तासाला पाच मोजायला शिकवलं, तसं दुसऱ्या तासाला हे शिकवायला हवं होतं, आणि खऱ्या बाळांच्या वेड्यावाकड्या खुणांचे व्हिडिओ दाखवायला हवे होते. ४० कार्डांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असता.

त्यानंतर मात्र धरण फुटल्यासारखं झालं. 'दिवा', मग 'संपलं', मग 'मांजर'. 'संपलं' त्याला इतकं आवडलं की नळ बंद झाला, फोन ठेवला, वॉशिंग मशीन थांबलं, दार लागलं, प्रत्येक वेळी दोन्ही पंजे फिरवून सगळ्यांना सांगायचा. मावशी घरी जायला निघाली की तिच्या पाठीकडे बघून पंजे फिरवायचा. कुणी त्याला माणसांसाठी ती खूण शिकवली नव्हती.

एक रात्र सांगते. तो अकरा महिन्यांचा असेल. दीड-दोन वाजले होते, खोलीत गुडुप अंधार. मी त्याला थोपटत होते, झोपला असं वाटून थांबले. थोड्या वेळाने त्याचा हात माझ्या अंगावरून चाचपडत आला, माझा हात सापडला, माझी मूठ त्याने उघडली. आणि माझ्या तळव्यात बोट टोचलं. टक्, टक्. अंधारात स्वतःच्या तळव्यावर खूण केली तर मला दिसणार नाही हे त्याला कळलं होतं की नुसताच योगायोग, ते मला ठरवता येत नाही. मी थोपटत राहिले.

आता दाव्यांबद्दल, कारण पैसे लोक त्यासाठीच भरतात. वर्गाच्या जाहिरातीत आहे की खुणा शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक वाढतो आणि ती लवकर बोलतात. याचं मूळ अमेरिकेतल्या लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुझन गुडविन या दोन मानसशास्त्रज्ञांच्या कामात आहे. अ‍ॅक्रेडोलो यांची मुलगी फूल दिसलं की हुंगल्यासारखं नाक फुरफुरवायची, म्हणजे बोलण्याआधी स्वतःच खूण तयार करून वापरत होती, तिथून हा शोध सुरू झाला. २००० साली त्यांचा अभ्यास छापून आला, त्यात १०० हून थोडी जास्त बाळं होती आणि खुणा शिकलेली बाळं काही काळ भाषेत पुढे दिसली. तिसऱ्या वर्षापर्यंत तो फरक विरत गेला. त्यातल्या काही मुलांना आठव्या वर्षी तपासून बुद्ध्यांकात फरक दिसल्याचं पुढे सांगितलं गेलं, आणि जाहिराती तेवढंच वाक्य उचलतात. नंतर २०१३ साली इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० बाळांना आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहिलं, तर बोलण्याच्या बाबतीत फायदा आढळला नाही. आढळलं ते वेगळंच : खुणा शिकवणाऱ्या आया आपल्या बाळाच्या न बोललेल्या गोष्टी जास्त टिपत होत्या. ते वाचलं आणि मला माझे पाच आकडे आठवले. बदल माझ्यात झाला होता.

माझ्या सासूबाईंना उलटी धास्ती होती : "हातानेच सगळं मिळायला लागलं तर तो बोलेल कशाला?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो, त्यामुळे उत्तर देते. सोबत बोलत राहिलात तर खुणांमुळे बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आमच्याकडे चौदाव्या महिन्यात पहिला स्पष्ट शब्द आला, 'दिवा'. खूण करतच म्हणाला. सासूबाई आता स्वतः त्याला 'संपलं' करून दाखवतात.

एका गोष्टीचा मात्र वर्गाने उल्लेखच केला नाही, आणि ती मला सगळ्यांत गंभीर वाटते. बाळ आवाजाकडे वळत नसेल, सात-दहा महिन्यांच्या सुमाराला 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड सुरू झाली नसेल, तर 'खुणा शिकवतोय ना, मग होईल' म्हणून थांबू नका. कानांची तपासणी जन्मानंतर काही दिवसांतही होऊ शकते आणि ती दुखत नाही. बाळ रडतं, आवाज काढतं म्हणजे त्याला ऐकू येतंच असं नसतं. बहिरी बाळंही सुरुवातीला आवाज काढतात. माझी आजी सांगायची, मावशीचं त्यांना दोन वर्षांची होईपर्यंत कळलं नव्हतं, 'हसायची, ओरडायची, कसं कळणार?' बहिऱ्या मुलांतली बहुतेक ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणजे घरात ओळखणारं कोणी नसतंच. बाळाच्या पालकांसमोर आठ तास बोलायला मिळालेल्या वर्गाने हे दोन मिनिटं तरी सांगायला हवं होतं.

आणि मावशीची शाळा. त्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. हात बाकावर पालथे ठेवून ओठ वाचायचे, आणि हात हलला तर पट्टी बसायची. असं फक्त तिच्याच नशिबी आलं नाही. १८८० साली मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद भरली आणि ठराव झाला की शिकवायचं ते तोंडी भाषेतच. त्यानंतर कितीतरी देशांच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. त्या ठरावाबद्दल याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, १३० वर्षांनी. माझ्या ऐकू येणाऱ्या मुलाला खुणा शिकवल्या तर लोक कौतुक करतात. मावशीला तिच्या हक्काच्या खुणांसाठी मार पडला. मी व्हिडिओ लावून बसायचे तेव्हा ती कधीकधी उठून आत जायची. मी एकदा विचारलं. तिने फक्त हात पालथे करून दाखवले. अशा वर्गांत शिकवायला एक तरी बहिरी व्यक्ती असावी, तिचं मानधन आणि तिचं नाव ठळक असावं, असं मी वर्गाला कळवलंय. उत्तर आलेलं नाही.

मग लावायचा का? तुम्हाला घरात कोणी नाही, कुठून सुरुवात करावी सुचत नाही, आणि कोणीतरी हाताला धरून पहिले चार आठवडे न्यावं असं वाटतंय, तर लावा. पहिले दोन तास खरंच मोलाचे आहेत आणि शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवतात. बुद्ध्यांकासाठी लावत असाल तर लावू नका. तुमच्या ओळखीत कोणी बहिरं माणूस असेल तर आधी त्यांच्याकडे जा, त्यांचा वेळ फुकटचा समजू नका, आणि तेवढेच पैसे त्यांना द्या. बाळ नऊ महिन्यांचं होण्याआधी सुरू केलंत तर त्याची खूण यायची वाट बघू नका, तुमच्या खुणांची सवय होऊ द्या.

वर्गाचा पुढचा टप्पा आहे, आणखी १०० खुणांचा. आम्ही तो घेतला नाही. त्याऐवजी दर रविवारी मावशी येते आणि दोन तास आम्हा दोघांना शिकवते, तिच्या भाषेत. मुलाच्या इतर खुणा आता गळत चालल्यात. माझ्याशी बोलताना 'आणखी'चं तोंडाने 'णखी' झालंय, हात खिशात घातल्यासारखे स्वस्थ. परवा रविवारी मावशी खिडकीपाशी पाठ करून उभी होती. तो तिच्यापर्यंत चालत गेला. 'णखी' म्हणाला नाही. तिचं बोट ओढलं, ती वळेपर्यंत थांबला, ती खाली वाकली, तिचे डोळे त्याच्यावर आले, आणि मग त्याने तळवा पसरला.